काट्याच्या कॉम्प्युटरचा आयपी हरवलाय, कसा शोधायचा?

काटावाला_सांगली (मंगळवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. मी इथं वाचायलाच येतो, लिहितो कमी, पण आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय. आमचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे आणि गोडाऊनला स्वतःचा ६० टनी वजनकाटा आहे. काट्याच्या केबिनमधे एक छोटा डबा कॉम्प्युटर आहे, वहीएवढा, पत्र्याच्या पॅनेलात स्क्रूनं आवळलेला, विंडोज ७ वाला. वजनाचा आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरची सिरीयल केबल त्याच्यात जाते, गाडी काट्यावर चढली की वजन त्यात येतं.

मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि डब्याचा व्हीजीए पोर्ट गेला. डबा चालू, पण मॉनिटरवर काहीच दिसत नाही. दुसरा पोर्ट नाहीच त्याला. तेव्हापासून दिवाणजी दुकानातल्या कॉम्प्युटरवरनं रिमोट डेस्कटॉप लावून डबा उघडतात, काट्यावरचा पोरगा फोनवर गाडी नंबर सांगतो, दिवाणजी तिकडनं पावती काढतात. जुगाडच, पण दोन महिने एक दिवस बंद पडला नाही.

आता गेल्या आठवड्यात काय झालं बघा. नेट कंपनीचा पोरगा फायबर जोडायला आला, नवा राऊटर लावला आणि जुना घेऊन गेला. त्याच दिवशी माझ्या पुतण्यानं दिवाणजींचा कॉम्प्युटर स्लो चालतो म्हणून फॉरमॅट मारला. रिमोट डेस्कटॉपचा शॉर्टकट त्यातच होता. आणि आयपी, म्हणजे डब्याचा नेटवर्कवरचा पत्ता, लिहिलेली चिठ्ठी ज्या मॉनिटरवर चिकटवली होती तो मॉनिटर मीच भंगारात घातला, सव्वाशे रुपयाला.

आयपी स्टॅटिक होता, म्हणजे डब्यात हातानं कायमचा टाकलेला, एवढं नक्की, कारण ज्या माणसानं सेटअप केलं त्यानं तेव्हा सांगितलेलं. तो माणूस आता फोन उचलत नाही. दोन हंगामाची वजनं त्या डब्यात आहेत. सध्या इंडिकेटर बघून वहीत लिहितोय. दिवाणजी माझ्याकडं ज्या नजरेनं बघायलेत तसं माझ्या सासऱ्यांनीबी कधी बघितलं नाही.

पलूस_एक्सप्रेस

राऊटरच्या पेजवर जा की राव. तिथं कनेक्टेड डिव्हाईसची यादी असते, त्यात सापडेल. दोन मिनिटाचं काम.

काटावाला_सांगली

ते पयलंच केलं भावा. यादीत दिवाणजींचा कॉम्प्युटर, माझा मोबाईल, प्रिंटर आणि पुतण्याचे दोन मोबाईल. डबा नाही.

मिरजेचा_वायरमन

पलूसवाले, बऱ्याच राऊटरला ती यादी म्हणजे राऊटरनं स्वतः ज्यांना आयपी वाटले त्यांची असते. स्टॅटिकवाला राऊटरकडं मागायलाच जात नाही, घरनं डबा घेऊन आलेला माणूस तो, खानावळीच्या वहीत त्याचं नाव कुठनं येणार.

काटावाले, दुकानातल्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग मारा, काय येतंय ते लिहा. नंतर आर्प, स्पेस, मायनस ए मारा. (मोबाईलवरनं मराठी कीबोर्डानं लिहितोय, कमांड इंग्रजीत समजून घ्या.)

काटावाला_सांगली

आयपीकॉन्फिग: १९२.१६८.१.५, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१.
आर्पमधे चार-पाच ओळी आल्या, १.१, १.३, १.४ अशा. बाकीच्या २२४ आणि २३९ नी सुरू होणाऱ्या.

मिरजेचा_वायरमन

२२४, २३९ सोडून द्या, ते मल्टिकास्टचे आहेत, मशीन नव्हे. आता १९२.१६८.१.१ पासून २५४ पर्यंत सगळ्यांना पिंग मारा, म्हणजे आहेस का अशी हाक, हातानं नको, फॉर लूप लावा किंवा मोबाईलवर एखादं आयपी स्कॅनर अ‍ॅप टाका. पिंगला उत्तर नाही आलं तरी नंतर परत आर्प मायनस ए बघा. विंडोजची फायरवॉल पिंगला गप्प बसते पण आर्पला गप्प बसता येत नाही, तिथं उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर नेटवर्कवर बोलणंच होणार नाही.

गप्प_वाचक

हे आर्प काय भानगड आहे? नेहमी वाचतो, कधी कळलं नाही.

मिरजेचा_वायरमन

तुमच्या यार्डाच्याच भाषेत सांगतो. सौद्याला कुणीतरी उभं राहून ओरडतंय, "लॉट नंबर १० कुणाचाऽऽ?" सगळ्यांना ऐकू जातं, ज्याचा आहे तो एकटाच हात वर करतो. आयपी म्हणजे लॉट नंबर आणि मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे माणसाचा चेहरा, कार्डावर कारखान्यातनंच छापून आलेला. त्याचा पयला निम्मा भाग बघून कार्ड कुठल्या कंपनीचं ते पण कळतं. आर्पचं काम एवढंच, लॉट नंबरावरनं चेहरा शोधायचा. १९८२ साली लिहिलेला नियम आहे आणि आजपण तुमच्या घरातला टीव्ही तोच वापरतो.

सातारी_कंदी

साताऱ्यात असं झालं तर आम्ही डबाच नवीन घेतो 😄

पलूस_एक्सप्रेस

आणि डेटा? तो पण कंदी पेढ्याच्या बॉक्समधे नवीन मिळतो का?

काटावाला_सांगली (बुधवार, दुपारी १:२०)

स्कॅनर लावला, १ ते २५४ सगळे झाले. नंतर आर्प पण बघितलं. तेच पाच जण. डब्याचा पत्ता नाही. केबल तपासली, डब्याच्या मागचा दिवा लुकलुकतोय, सगळ्या नेटवर्क केबली जोडतात त्या स्विचवरचा पण. म्हणजे जिवंत आहे पण बोलत नाही. का?

जुना_हार्डवेअरवाला

कारण तो या गल्लीतच राहत नाही. जुन्या राऊटरची रेंज वेगळी असणार, १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१० किंवा १० नी सुरू होणारी किंवा काहीबी. नवा राऊटर १९२.१६८.१ वाला आला, सगळे त्याच्याबरोबर इकडं आले, डबा मात्र जुन्याच पत्त्यावर बसलाय.

माझा सल्ला, स्क्रू काढा, हार्डडिस्क बाहेर काढा, यूएसबी केसिंगमधे घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. विंडोजच्या फोल्डरमधे सिस्टम३२, त्यात कॉन्फिग, त्यात सिस्टम नावाची फाईल असते, तिची आधी कॉपी करून घ्या आणि कॉपीच वापरा. रजिस्ट्री एडिटर उघडून एचकेएलएम वर क्लिक करून लोड हाईव्ह करा. मग कंट्रोलसेट००१, सर्व्हिसेस, टीसीपीआयपी, पॅरामीटर्स, इंटरफेसेस. तिथं कंसातल्या लांबलचक नंबरांच्या फोल्डरांपैकी एकात आयपीअ‍ॅड्रेस लिहिलेला सापडतो. करंटकंट्रोलसेट शोधत बसू नका, ते चालू मशीनवरच दिसतं, काढलेल्या डिस्कवर नसतं, मी एकदा त्यात तासभर घालवलाय.

काटावाला_सांगली

दादा पद्धत बरोबर असंल पण डिस्क काढायची मला भीती वाटतीय. डबा सात वर्षांचा आहे, आत हळदीची धूळ इतकी की पंखा पिवळा झालाय. हलवल्यावर डिस्क गेली तर दिवाणजी मलाच काट्यावर चढवून वजन करतील. डिस्क न काढता काही आहे का?

बेदाणा_तासगाव

आमच्याकडं कोल्ड स्टोरेजच्या टेम्परेचर कंट्रोलरचं असंच झालेलं. मी आंधळेपणानं टाईप केलेलं एकदा. म्हणजे स्क्रीन दिसत नसली तरी कीबोर्ड तर चालतो न्हवं. कीबोर्ड आणि पेनड्राईव्ह लावायचा, पासवर्ड टाईप करून एंटर, मग विंडोज की आणि आर, सीएमडी, एंटर, मग आयपीकॉन्फिग लिहून पुढं बाणाचं चिन्ह आणि ई कोलन बॅकस्लॅश आयपी डॉट टीएक्सटी. एंटर. पेनड्राईव्ह काढून दुसरीकडं लावला की फाईलमधे आयपी. विंडोज सुरू झालंय का हे बघायला नम लॉक दाबायचं, दिवा लागला-विझला की जिवंत.

काटावाला_सांगली (बुधवार, संध्याकाळी ७:०५)

बेदाणाशेठ तुमचं केलं. डबा बंद करून चालू केला, पाच मिनिटं थांबलो, नम लॉकचा दिवा चालला, पासवर्ड टाकला, सगळं जसंच्या तसं टाईप केलं. पेनड्राईव्हचा दिवा लुकलुकला पण फाईल काही नाही त्यात. परत बंद करून चालू केला, परत केलं, अजून एकदा. दुसऱ्या वेळेला तर काट्यावरचा पोरगा म्हणाला मालक कुणाशी बोलायलाय.

विश्रामबागकरीण (बुधवार, रात्री ११:१५)

दादा, आधी एक करा. तो डबा बटण दाबून बंद-चालू करणं थांबवा. जुनी डिस्क, वर हळदीची धूळ, आणि तुम्ही लाईट काढून घेताय. एखाद्या वेळी सुरू होताना चेकडिस्क, म्हणजे डिस्कची तपासणी, लागेल आणि तुम्हाला दिसणारपण नाही की काय चाललंय.

मी मूळची विश्रामबागची, आता पुण्यात नेटवर्कचंच काम करते, अशा हरवलेल्या मशीन आठवड्याला एक तरी येते. तुम्ही आत्तापर्यंत जे केलंत ते सगळं हाका मारणं होतं. वायरमनदादांचा लॉट नंबरचा दाखला एकदम बरोबर आहे, पण त्यात एक गोम आहे. तुमचा कॉम्प्युटर हाक फक्त स्वतःच्या रेंजमधल्या नंबरांसाठी मारतो. मास्क २५५.२५५.२५५.० म्हणजे त्याच्या लेखी १९२.१६८.१ नी सुरू होणारे तेवढेच शेजारी. बाकी कुठलाही नंबर विचारला की तो स्वतः ओरडत नाही, राऊटरच्या हातात चिठ्ठी देतो की हे बाहेरचं आहे, तू बघ. राऊटर ती चिठ्ठी इंटरनेटकडं पाठवतो आणि तिकडं ती मरते. डबा तुमच्याच स्विचला, दोन फुटावर, आणि चिठ्ठी गेली बाहेरगावी.

मग सगळ्या रेंज एकेक करून शोधायच्या म्हटलं तर हिशेब करा. घरगुती नेटवर्कसाठी तीन पट्टे राखून ठेवलेत. १९२.१६८ चा पट्टा ६५,५३६ पत्त्यांचा, १७२.१६ ते १७२.३१ चा १०,४८,५७६ चा, आणि १० नी सुरू होणारा १,६७,७७,२१६ चा. सेकंदाला दहा पिंग मारलेत तर एकट्या १० वाल्या पट्ट्याला एकोणीस दिवस लागतील. तोवर हळदीचा हंगाम उठेल.

म्हणून हाका मारू नका, कान लावा. कुठलंही मशीन केबल जोडल्या जोडल्या स्वतःच बोलतं. स्टॅटिक आयपी असला तर विंडोज आधी विचारून घेतं की हा नंबर दुसऱ्या कुणी घेतलाय का, तेही आर्पमधेच, दोन-तीन वेळा. कुणी हात वर केला नाही तर मग जाहीर करतं की हा नंबर माझा. ही ओरड सगळ्यांना ऐकू जाते, रेंज कुठलीही असो, कारण ती ब्रॉडकास्ट असते, स्विच ती प्रत्येक पोर्टला पोचवतो.

तुमच्याकडं लॅपटॉप आहे का? केबलचा पोर्ट असलेला?

काटावाला_सांगली

ताई लॅपटॉप आहे, विंडोज १० वाला, पुतण्याचा. केबलचा पोर्ट पण आहे.

विश्रामबागकरीण

मग वायरशार्क टाका त्यात, केबलवरचं बोलणं दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, १९९८ पासून आहे, तेव्हा नाव इथरियल होतं, २००६ मधे बदललं. इन्स्टॉल करताना एनपीकॅप टाकू का विचारेल, हो म्हणा, त्याच्याशिवाय विंडोजवर काही ऐकू येणार नाही. लॅपटॉप काट्याच्या केबिनमधे घेऊन जा, डब्याची केबल स्विचमधून काढा आणि सरळ लॅपटॉपला लावा. क्रॉस केबल वगैरे आता लागत नाही, बहुतेक गिगाबिट कार्डं आपापलं जुळवून घेतात. वायरशार्कमधे इथरनेट निवडा, वरच्या फिल्टरच्या पट्टीत आर्प लिहा, आणि मग फक्त केबल काढून पाच सेकंदानं परत लावा. डबा बंद करायची गरजच नाही, केबल लावली की तो परत बोलतो.

जुना_हार्डवेअरवाला

हे बरोबर आहे. आमच्या काळात हब होता, त्यावर सगळ्यांचं सगळं ऐकू यायचं. स्विच आल्यावर ज्याचं त्यालाच जातं, पण ब्रॉडकास्ट अजून सगळ्यांना. ताई, मी डिस्कचं सांगितलं ते मागं घेत नाही मात्र, शेवटचा उपाय म्हणून राहू दे.

विश्रामबागकरीण

राहू दे की काका, केबलवर तो काहीच बोलला नाही तर तेच करायचंय.

गप्प_वाचक

हे ऑफिसात लावून बघू का?

विश्रामबागकरीण

ऑफिसात नको. स्वतःच्या नेटवर्कवर करा, दुसऱ्याच्या नेटवर्कवर विचारल्याशिवाय कान लावला तर नोकरी जाते, मी बघितलंय.

काटावाला_सांगली (गुरुवार, सकाळी १०:४०)

ताई लावलं. वीस मिनिटं बसलो. लई ओळी आल्या पण सगळ्यांत १९२.१६८.१ वालेच, पुतण्याचा मोबाईल, प्रिंटर, राऊटर. डब्याचं काही नाही.

मिरजेचा_वायरमन

केबल थेट डब्याला लावलीय म्हणता आणि प्रिंटर कसा दिसतोय मग? तुम्ही वायफाय निवडलंय. 😀

काटावाला_सांगली

व्हय ओ. वायफायच निवडलेलं. वीस मिनिटं पुतण्याच्या मोबाईलचं ऐकत बसलो.

काटावाला_सांगली (गुरुवार, सकाळी ११:२५)

आता इथरनेट निवडलं, वायफाय बंद केलं. सापडलं बहुतेक! १६९.२५४.८८.१३ येतंय सारखं. हाच ना?

मिरजेचा_वायरमन

थांबा थांबा. १६९.२५४ म्हणजे ज्याला कुणी आयपी दिला नाही त्यानं स्वतःच ठेवून घेतलेलं नाव. तो तुमचा लॅपटॉपच आहे, केबलच्या दुसऱ्या टोकाला राऊटर नाही म्हणून त्यानं घेतलाय. आरशात बघून चोर सापडला म्हणताय.

विश्रामबागकरीण

हो, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारा, इथरनेटच्या खाली फिजिकल अ‍ॅड्रेस दिसेल, तो तुमचा चेहरा. वायरशार्कमधे सोर्स म्हणून तो ज्या ओळीत आहे त्या सगळ्या सोडून द्या. उरलेल्या ओळी डब्याच्या. आता केबल काढा, पाच मोजा, लावा, आणि पहिली तीस सेकंद बघा. इकडंतिकडं बघू नका, पहिल्या तीस सेकंदातच गंमत आहे.

काटावाला_सांगली (गुरुवार, दुपारी १२:१०)

आलं!!! जसं दिसतंय तसं लिहितो:

हू हॅज १९२.१६८.६०.१०? आणि पुढं कंसात आर्प प्रोब. असं तीनदा.
मग आर्प अनाउन्समेंट फॉर १९२.१६८.६०.१०.
मग हू हॅज १९२.१६८.६०.१? टेल १९२.१६८.६०.१०. हे सारखं चाललंय, थांबतच नाही.

आणि सोर्सचा चेहरा माझा नाही, वेगळा आहे.

विश्रामबागकरीण

हाच! अभिनंदन दादा. प्रोबमधे पाठवणाऱ्याचा आयपी ०.०.०.० असतो कारण तेव्हा त्यानं अजून नंबर घेतलेला नसतो, नुसता विचारत असतो. अनाउन्समेंटमधे घेतला. आणि ती शेवटची न थांबणारी ओळ वाचा, त्यात तुमच्या जुन्या राऊटरचा पत्ता पण आला, १९२.१६८.६०.१. गेला आठवडाभर तो त्यालाच शोधतोय.

बेदाणा_तासगाव

बिचारा. राऊटर घेऊन गेले आणि ह्याला कुणी सांगितलं नाही.

काटावाला_सांगली

६० कुठनं आलं ते आत्ता डोक्यात आलं. काटा ६० टनी आहे! त्या माणसानं काटा बघून नंबर टाकलाय. मी ह्या केबिनमधे सात वर्षं बसतोय, बाहेर पाटीवर ६० टन एवढं मोठं रंगवलंय, आणि मी आख्खा आठवडा १ ते २५४ मोजत बसलो.

पलूस_एक्सप्रेस

आता रिमोट कसं जोडणार पण? रेंज तर वेगळीच आहे.

मिरजेचा_वायरमन

लॅपटॉपच्या इथरनेटला हातानं १९२.१६८.६०.२० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे राऊटरचा पत्ता, ते रिकामं सोडा. १० देऊ नका, तो डब्याचा आहे, भांडण लागेल दोघांत. १ पण देऊ नका. मग रिमोट डेस्कटॉपला १९२.१६८.६०.१० टाका.

काटावाला_सांगली (गुरुवार, दुपारी १२:५०)

उघडलं!! काट्याची स्क्रीन दिसली, दोन्ही हंगामाची वजनं जागच्या जागी. दिवाणजींना फोन केला, ते म्हणाले बरं. नुसतं बरं. एक अडचण आहे पण, वजनाचं शेअर फोल्डर लॅपटॉपवरनं उघडत नाही, रिमोट चालतंय पण फोल्डर नाही.

विश्रामबागकरीण

ते अपेक्षित आहे. गेटवे सापडत नाही म्हणून विंडोज ७ त्या नेटवर्कला अनोळखी समजतं आणि पब्लिक लावतं, म्हणजे एसटी स्टँडवर बसल्यासारखं, शेअरिंग बंद. आधी गेटवे द्यावा लागेल. दोन रस्ते आहेत. एक, नव्या राऊटरच्या पेजवर जाऊन त्याचा लॅन आयपी १९२.१६८.६०.१ करायचा. राऊटर रिस्टार्ट होईल, बाकी सगळे मोबाईल-कॉम्प्युटर त्याच्याकडनं ६० ची रेंज आपोआप घेतील, डब्याला हात लावायची गरज नाही. फक्त राऊटरनं १० नंबर दुसऱ्या कुणाला वाटू नये म्हणून डीएचसीपीची, म्हणजे राऊटर आपोआप वाटतो त्या नंबरांची, सुरुवात १०० पासून करा.

दुसरा रस्ता म्हणजे डबाच ऑटोमॅटिक करायचा आणि राऊटरमधे त्याच्या मॅकला एक नंबर राखून ठेवायचा, डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात. पुढच्या वेळी राऊटर बदलला तर डबा हरवत नाही, यादीत दिसतो. मला दुसरा आवडतो पण आज हंगामाच्या मधे पहिला करा, स्क्रीन नसलेल्या मशीनचा आयपी रिमोटवरनं बदलायचा म्हणजे बसलेली फांदी तोडायची.

जुना_हार्डवेअरवाला

शेवटच्या वाक्याला दहा वेळा अनुमोदन. मी एका सोसायटीत रिमोटवरनं मास्क बदलायला गेलो आणि एक आकडा चुकला, मग रात्री अकरा वाजता मोटरसायकलवर बत्तीस किलोमीटर.

काटावाला_सांगली (गुरुवार, संध्याकाळी ६:३०)

पहिला रस्ता केला. राऊटर ६०.१ झाला, डब्याची केबल परत स्विचला लावली, दिवाणजींचा कॉम्प्युटर आपोआप ६०.१०१ वर आला. रिमोटनं उघडल्यावर डब्यानं विचारलं हे नेटवर्क घर, ऑफिस का पब्लिक, ऑफिस केलं, शेअर फोल्डर उघडलं. दुपारनंतरच्या अकरा गाड्यांच्या पावत्या दिवाणजींनी काढल्या पण.

बेदाणा_तासगाव

आता आयपी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहा. चिठ्ठी नको. मॅक पण लिहा खाली.

काटावाला_सांगली

लिहिलं. पोराला सांगितलं रंगवायला आलास तर हे सोडून रंगव.

वाड्यातला (शुक्रवार, सकाळी)

उशिरा आलो. कुणी कॉम्प्युटरच्या नावानं पिंग मारून बघितलं होतं का? दोन्ही विंडोजवर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे लांब आयपी, चालू असेल तर रेंज कितीही वेगळी असली तरी एफई८० नी सुरू होणारा पत्ता प्रत्येकाकडं असतोच, तो राऊटरवर अवलंबून नसतो. नाव माहीत असेल आणि नेटवर्क डिस्कव्हरी, म्हणजे मशीननं शेजाऱ्यांना दिसायची सोय, चालू असेल तर त्याच्यावरनं उत्तर येतं आणि रिमोट पण लागतं.

विश्रामबागकरीण

बरोबर आहे, पण यांचं पब्लिक झालेलं होतं म्हणजे डिस्कव्हरी बंद, आणि नाव पण माहीत नव्हतं. आता ऑफिस केलंय तर दादा एकदा करून बघा. लॅपटॉपला मुद्दाम वेगळी रेंज द्या आणि नावानं पिंग मारा.

काटावाला_सांगली (शुक्रवार, दुपारी ३:१५)

करून बघितलं ताई. लॅपटॉपला १९२.१६८.५.५ दिला आणि नावानं पिंग मारलं, एफई८० पासून लांबच लांब पत्त्यावरनं उत्तर आलं. नाव पण दाराच्या आत लिहिलं आता. डब्याचं नाव काटा-पीसी आहे, म्हणजे अंदाजानंबी सांगता आलं असतं.

आणि बेदाणाशेठ, तुमच्या आंधळ्या टायपिंगचा निकाल लागला. पयल्या वेळेला सगळं बरोबर झालेलं! आयपी डॉट टीएक्सटी फाईल तयार आहे, आत १९२.१६८.६०.१० लिहिलंय, फक्त ती डब्याच्याच डिस्कवर आहे, कारण ह्या डब्यात ई म्हणजे त्याच्याच डिस्कचा दुसरा भाग. पेनड्राईव्ह एफ आहे.

बेदाणा_तासगाव

अरारारा. म्हणजे मी एक अक्षर चुकलो. आणि दुसऱ्या, तिसऱ्या वेळचं काय झालं?

काटावाला_सांगली

तेच सांगायला आलोय. काट्याचं सॉफ्टवेअर आपोआप सुरू होतं ते त्या दोन वेळेला आधी उघडलं असणार. आत्ता दिवाणजी वही आणि पावत्या टॅली करायला बसले आणि मला हाक मारली. बुधवारच्या तारखेला दोन पावत्या जास्तीच्या आहेत. वजन शून्य, माल हळद, आणि गाडी नंबरच्या जागी आयपीकॉन्फिग. दिवाणजी चष्मा वर करून विचारायलेत, ही कुठल्या पार्टीची गाडी.